ताणाची संप्रेरके आणि नवजात बाळाचे हृदय
गरोदर माता, पालक व कुटुंबीय यांच्यासाठी माहिती

घरात बाळ जन्माला आले की कुटुंबीयांचे लक्ष प्रथम त्याच्या वजनाकडे, रंगाकडे आणि रडण्याकडे जाते. त्याच्या छातीत मिनिटाला सुमारे १२० ते १६० वेळा धडधडणाऱ्या हृदयाचा विचार मात्र काही बिघडल्यावाचून सहसा कोणी करीत नाही. जन्मतः हृदयात दोष असलेल्या बाळांनाच हृदयाचा धोका असतो, असा समजही सर्वत्र आढळतो. तो पूर्णपणे खरा नाही. रचनेने निर्दोष असलेल्या हृदयावरही जन्माच्या सुमारास मोठा भार येऊ शकतो. या भारामागे अनेकदा शरीरातील ताणाची संप्रेरके असतात. हा भार हलका करण्याचे बहुतेक उपाय साधे आणि बिनखर्चाचे असून आपल्याच हातात आहेत. म्हणून ही माहिती आपण स्वतः वाचावी आणि घरातील वडीलधाऱ्यांनाही वाचून दाखवावी.

ताणाची संप्रेरके म्हणजे काय?

मूत्रपिंडांच्या वरच्या टोकाला अधिवृक्क नावाच्या दोन लहान ग्रंथी असतात. शरीरावर संकट आले की या ग्रंथी काही रासायनिक द्रव्ये रक्तात सोडतात. अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन ही द्रव्ये काही सेकंदांत काम सुरू करतात. त्यामुळे हृदयाची गती वाढते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि साखर रक्तात उतरते. तिसरे द्रव्य कॉर्टिसॉल. ते सावकाश वाढते आणि तास-दिवस टिकून राहते. रक्तदाब, रक्तातील साखर आणि रोगप्रतिकार यांचा तोल राखणे हे त्याचे काम होय.

ही संप्रेरके आपली शत्रू नाहीत. त्यांच्यावाचून माणूस जगू शकत नाही. अपाय होतो तो त्यांचे प्रमाण फार वाढल्याने, ते दीर्घकाळ वाढलेले राहिल्याने किंवा ती चुकीच्या वेळी वाढल्याने.

जन्माच्या क्षणी ती उपकारक ठरतात

गर्भाशयात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि प्राणवायू वारेतून मिळतो. प्रसूतीच्या कळांमध्ये बाळाच्या रक्तातील अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिन कितीतरी पटींनी वाढतात. त्यामुळे फुप्फुसांतील द्रव शोषला जातो, साठवलेली साखर उपलब्ध होते आणि बाळ पहिला श्वास घेण्यास सज्ज होते. गर्भारपणाच्या अखेरच्या आठवड्यांत वाढणारे कॉर्टिसॉल फुप्फुसे परिपक्व करते. म्हणून बाळाच्या रक्तात ही संप्रेरके दिसली म्हणजे काही बिघडले, असे मुळीच समजू नये. जन्मानंतर बाळ कोरडे, उबदार आणि आईच्या अंगाशी असले, तर ही लाट थोड्याच वेळात ओसरते. ती ओसरली नाही, तर मात्र भार हृदयावर येतो.

अपाय कसा होतो?

जन्म होताच हृदयाला आपले सारे काम बदलावे लागते. फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या उघडतात. गर्भावस्थेत रक्ताला फुप्फुसांच्या बाहेरून नेणारे मार्ग हळूहळू बंद होतात. डाव्या बाजूवरील काम एकाएकी वाढते. अशा वेळी नवजात हृदयाजवळ फारशी शिल्लक शक्ती नसते. मोठ्या माणसाचे हृदय गरज पडल्यास प्रत्येक ठोक्याला अधिक रक्त फेकू शकते. नवजात हृदयाला तसे फारसे करता येत नाही. ते प्रामुख्याने ठोक्यांची संख्या वाढवूनच वेळ निभावून नेते.

आता अशा हृदयावर अॅड्रिनलिन व नॉरअॅड्रिनलिनचा मारा चालूच राहिला, तर तीन गोष्टी घडतात. ठोके वाढल्याने हृदयाच्या स्नायूला अधिक प्राणवायू लागतो. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते. स्नायूंच्या पेशींत कॅल्शियम प्रमाणाबाहेर शिरून त्या पेशींना इजा होऊ शकते. त्यातच बाळ गुदमरलेले असेल, म्हणजे प्राणवायूचा पुरवठा आधीच अपुरा असेल, तर हृदयाचे आकुंचन दुर्बल होते आणि रक्तदाब उतरू लागतो.

कॉर्टिसॉलचा परिणाम निराळ्या मार्गाने होतो. हृदयाच्या स्नायूपेशींची संख्या मुख्यतः जन्मापूर्वी आणि जन्माच्या सुमारास वाढते. त्यानंतर हृदय मोठे होते ते बहुतांशी आहे त्याच पेशी मोठ्या झाल्याने. उंदरांच्या नवजात पिल्लांना कॉर्टिसॉलसारखे कृत्रिम औषध दिल्यावर पेशींचे विभाजन वेळेआधीच मंदावल्याचे प्रयोगांत दिसले आहे. अशा हृदयाला कमी पेशींवर जन्मभर काम करावे लागते. माणसांतही मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांना फुप्फुसांच्या आजारासाठी डेक्सामेथासोन हे औषध अनेक दिवस दिल्यास काहींच्या हृदयाच्या भिंती जाड झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. औषध थांबवल्यावर ही जाडी बहुधा उतरते. तरीही आता हे औषध जन्मानंतर सरसकट दिले जात नाही. गरज तोलून, बेताच्या प्रमाणात आणि देखरेखीखालीच ते वापरले जाते.

हे ज्ञान कोठून आले?

१९८० च्या दशकापर्यंत अनेक डॉक्टरांची अशी समजूत होती की नवजात बाळाला वेदना फारशा जाणवत नाहीत. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळीही त्याला अगदी जुजबी भूल दिली जात असे. इंदूरच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले भारतीय डॉक्टर कंवलजीत सिंग आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे या समजुतीची परीक्षा घेतली. हृदयाजवळची उघडी राहिलेली रक्तवाहिनी बांधण्याची शस्त्रक्रिया होत असलेल्या मुदतपूर्व बाळांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीच्या भुलीसोबत प्रभावी वेदनाशामक दिले, तर दुसऱ्याला ते दिले नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वेदनाशामक न मिळालेल्या बाळांच्या रक्तात ताणाची संप्रेरके बरीच अधिक वाढली आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीही त्यांच्यात अधिक झाल्या.

१९९२ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खोल भूल व पुरेसे वेदनाशामक मिळालेल्या ३० बाळांपैकी एकही दगावले नाही. हलकी भूल मिळालेल्या १५ बाळांपैकी ४ दगावली. हा अभ्यास लहान होता, तरी त्याचा बोध मोठा होता : बाळाचा ताण कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे. आज नवजात बाळाच्या शस्त्रक्रियेत वेदनाशमन अत्यावश्यक मानले जाते.

आईच्या शरीरातील कॉर्टिसॉलचा परिणाम अभ्यासण्यासाठी अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात गाभण मेंढ्यांवर प्रयोग झाले. अखेरच्या काळात मेंढ्यांना सतत जादा कॉर्टिसॉल दिल्यावर जन्माच्या सुमारास कोकरे दगावण्याचे प्रमाण वाढले आणि कोकरांच्या हृदयाच्या कार्यातही बदल आढळले. हे निष्कर्ष प्राण्यांतील आहेत आणि सातत्याने दिलेल्या जादा संप्रेरकाविषयी आहेत. माणसाच्या रोजच्या काळजीला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

मातांनो, स्वतःला दोष देऊ नका

हे वाचून एखाद्या मातेच्या मनात येईल, ‘मी गरोदरपणी रडले, काळजी केली, म्हणून तर माझ्या बाळाच्या हृदयाला काही झाले नाही ना?’ या शंकेचे उत्तर स्पष्ट आहे. नेहमीच्या चिंता, एखादे भांडण, परीक्षा, प्रवास किंवा घरातील दुःखद घटना यांमुळे बाळाच्या हृदयाला छिद्र पडत नाही. गर्भाच्या रक्षणासाठी वारेमध्ये एक विशेष विकर असते. आईकडून येणाऱ्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग ते निष्क्रिय करून टाकते. बाळ आजारी पडल्यावर ‘तू ताण घेतलास म्हणून असे झाले’ असे सुनेला किंवा मुलीला ऐकवणे अन्यायाचे आहे आणि ते शास्त्रालाही धरून नाही.

मात्र या पहाऱ्यालाही मर्यादा आहेत. उपासमार, अतिकष्ट, मारहाण, सततची भीती आणि उपचारांवाचून राहिलेले नैराश्य यांचा माता व बाळ दोघांवरही वाईट परिणाम होतो. वेळेआधी प्रसूती होण्याचा आणि बाळाचे वजन कमी भरण्याचा धोका त्यामुळे वाढतो. अशी बाळे जन्मानंतर थंडी, भूक व संसर्ग यांपुढे अधिक दुबळी असतात. म्हणून कुटुंबाने पुढील गोष्टी पाळाव्यात.

• गरोदर मातेला पुरेसा आहार, रात्रीची पूर्ण झोप आणि दुपारी विश्रांती मिळावी. जड ओझी व पाण्याचे भरलेले हंडे उचलण्याचे काम घरातील इतरांनी करावे.
• प्रसूतिपूर्व तपासण्या वेळेवर करून घ्याव्यात. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानांतर्गत दरमहा ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत मोफत तपासणी होते. रक्तदाब, मधुमेह व रक्तक्षय वेळीच आटोक्यात आल्यास बाळाच्या हृदयाचेही रक्षण होते.
• दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप न लागणे, कशातही मन न रमणे किंवा जीव नकोसा वाटणे अशी लक्षणे असल्यास टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर संपर्क साधावा. ही सेवा मोफत असून दिवसरात्र सुरू असते.
• घरात मारहाण होत असल्यास १८१ या महिला मदत क्रमांकावर किंवा ११२ वर कळवावे. हे घरगुती प्रकरण म्हणून झाकून ठेवू नये.

फुप्फुसांसाठी दिले जाणारे इंजेक्शन नाकारू नका

डेक्सामेथासोनचा उल्लेख वर अपायाच्या संदर्भात आला आहे. तेवढ्यावरून एक गैरसमज होऊ नये. गर्भारपणाच्या २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्या आणि प्रसूती वेळेआधी होण्याचा संभव दिसला, तर डॉक्टर किंवा प्रशिक्षित परिचारिका मातेला हेच इंजेक्शन देतात. सामान्यतः बारा-बारा तासांनी चार मात्रा दिल्या जातात. त्यामुळे बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व होतात आणि श्वासाच्या गंभीर त्रासापासून बाळ वाचू शकते. या उपचाराचा पाया न्यूझीलंडमध्ये १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने घातला. त्या अभ्यासातील मुलांची वयाच्या तिशीत पुन्हा तपासणी केली, तेव्हा औषध मिळालेल्या व न मिळालेल्या गटांत रक्तदाब किंवा हृदयविकार यांबाबत फरक आढळला नाही. जन्मापूर्वीचा हा अल्पकालीन उपचार आणि जन्मानंतर अनेक दिवस दिलेले औषध या दोन भिन्न गोष्टी आहेत. योग्य वेळी दिलेले हे इंजेक्शन बाळाचा जीव वाचवते.

त्याच वेळी, स्टेरॉइड गटातील गोळ्या किंवा मलमे स्वतःच्या मनाने वापरू नयेत. बाळाच्या कातडीवर पुरळ दिसला म्हणून दुकानातून आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम लावू नये. बाळाची त्वचा पातळ असल्याने औषध रक्तात सहज उतरते. दमा किंवा अन्य आजारासाठी आपल्याला अशी औषधे चालू असतील, तर गरोदर असल्याचे कळताच डॉक्टरांना सांगावे, पण ती आपणहून बंद करू नयेत.

जन्मानंतर बाळाचा ताण कसा कमी करावा?

नवजात बाळाच्या ताणाची नेहमीची कारणे चार आहेत : थंडी, भूक, वेदना आणि आईपासून दुरावा. चारही कारणांवर घरातच उपाय करता येतो.

थंडी. नवजात बाळाला मोठ्या माणसाप्रमाणे कुडकुडून ऊब निर्माण करता येत नाही. थंडी वाजली की त्याच्या शरीरात नॉरअॅड्रिनलिन वाढते आणि मान, पाठ व मूत्रपिंडांभोवतीची विशेष चरबी जळू लागते. त्यासाठी प्राणवायू व साखर भराभर खर्च होते. रक्तातील आम्ल वाढते, फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. ही साखळी थांबवण्यासाठी जन्मताच बाळाला कोरडे करून आईच्या उघड्या छातीवर ठेवावे, वरून कोरडे कापड घालावे, डोक्याला टोपडे व पायांत मोजे घालावेत. पहिले २४ तास बाळाला न्हाऊ घालू नये. कमी वजनाच्या बाळाच्या आंघोळीबाबत आरोग्य कर्मचाऱ्यांना विचारूनच ठरवावे. खोली उबदार असावी, पण बाळाजवळ शेगडी किंवा धुरी ठेवू नये. धुराने बाळाचा श्वास कोंडतो. हिमाचलातील हिवाळ्यात ही काळजी जेवढी आवश्यक, तेवढीच पावसाळी कोकणात आणि वातानुकूलित खोलीतही आवश्यक आहे.

थर्मामीटर नसेल, तर आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि तळपायाला लावून पाहावी. दोन्ही उबदार असतील तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण तळपाय गार असतील, तर बाळाला थंडीचा ताण आहे. त्याला ताबडतोब छातीशी घ्यावे. पोट आणि तळपाय दोन्ही गार लागले, तर बाळाला छातीशी धरूनच तत्काळ रुग्णालयात न्यावे. काखेत मोजलेले ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस तापमान योग्य समजावे.

भूक. रक्तातील साखर उतरली की अॅड्रिनलिन व कॉर्टिसॉल वाढतात. म्हणून जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू करावे. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असली तरी परिचारिकेच्या मदतीने ते शक्य होते. पहिला चीक टाकून देऊ नये. मध, गुटी, साखरपाणी यांपैकी काहीही देऊ नये. दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावे. बाळाला ओढता येत नसेल, तर काढलेले दूध वाटी-चमच्याने कसे द्यावे हे परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

वेदना. लस टोचताना किंवा टाचेतून रक्त घेताना बाळाला आईच्या कुशीत द्यावे. टोचण्यापूर्वी स्तनपान सुरू करून ते टोचताना चालू ठेवल्यास बाळाला वेदना कमी होतात. ‘थोडा वेळ बाळाला माझ्याजवळ असू द्या’ असे सांगण्यात कोणताही संकोच बाळगू नये. वेदनेच्या भीतीने लस मात्र टाळू नये. जोरजोरात चोळणे, उलटे टांगून हालवणे, डोक्याला किंवा नाकाला दाबून आकार देणे हे प्रकार करू नयेत.

दुरावा. जन्मवेळी २.५ किलोग्रॅमपेक्षा कमी वजन असलेल्या बाळासाठी कांगारू मातृसंगोपन अत्यंत लाभदायी आहे. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात सुरू झाली. बाळाला फक्त लंगोट, टोपडे व मोजे घालून आईच्या छातीवर उभे, कातडीला कातडी लागेल असे ठेवतात आणि वरून कापडाने बांधून घेतात. आईला विश्रांती हवी असेल तेव्हा वडील, आजी किंवा मावशीही बाळाला असे घेऊ शकतात. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. १ ते १.८ किलोग्रॅमदरम्यान वजन असलेल्या बाळांना प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मतःच कांगारू संगोपन दिले, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. आईच्या छातीवर बाळाचा श्वास संथ होतो, ठोके स्थिरावतात आणि ताणाची संप्रेरके उतरतात. ऊब, दूध व संसर्गापासून संरक्षण हेही त्याच वेळी मिळते.

या खुणा दिसल्यास वेळ दवडू नका

• बाळ दूध ओढत नाही किंवा पिता पिता थकून घामाघूम होते.
• श्वासाची गती मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक आहे, छाती आत ओढली जाते किंवा बाळ कण्हते.
• ओठ, जीभ किंवा चेहरा निळसर दिसतो.
• अंग गार किंवा फार गरम लागते.
• बाळ निपचित पडून राहते, जागे करूनही नीट जागे होत नाही किंवा त्याला झटके येतात.
• तळहात व तळपायांपर्यंत पिवळेपणा पसरला आहे.

यांपैकी एकही खूण दिसली, तर सकाळ होण्याची किंवा घरातील कोणी परत येण्याची वाट पाहू नये. अंगारा, दृष्ट काढणे किंवा घरगुती काढे यांत गेलेला तास बाळाला परवडत नाही. आपल्या राज्यातील १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयात आजारी अर्भकाचा उपचार, औषधे व ने-आण मोफत आहे. वाटेत बाळाला छातीशी कातडीला लावून ठेवावे आणि त्याला पिता येत असेल तर पाजत राहावे.

रुग्णालयातून घरी आल्यावर आशा स्वयंसेविका तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट देते. तिला बाळाचे अंग उघडून नीट पाहू द्यावे, वजन करू द्यावे आणि मनातील प्रत्येक शंका विचारावी. माहेरी, सासरी किंवा परगावी जाणार असाल, तर तिला आधी सांगावे, म्हणजे पुढील भेटींची व्यवस्था होऊ शकेल.

नवजात हृदयाचे रक्षण करण्यासाठी मोठी यंत्रे नेहमीच लागत नाहीत. ती लागतील तेव्हा रुग्णालयात आहेतच. पण जन्मानंतरच्या पहिल्या तासांत आणि पहिल्या आठवड्यांत कोरडे कापड, आईची छाती, आईचे दूध आणि सावध नजर यांची गरज सर्वांत अधिक असते. आज रात्री झोपण्यापूर्वी बाळाचे पोट आणि तळपाय एकदा हाताने तपासून पाहावेत. ते गार लागले, तर पांघरूण शोधण्याआधी बाळाला छातीशी घ्यावे.